लसीची का-कू : हायडी लार्सन यांच्या कामाकडे हिंगोलीतून पाहताना

२०१८ च्या नोव्हेंबरात आमच्या शाळेत गोवर-रुबेला लसीकरणाची तयारी चालली होती. २७ नोव्हेंबरपासून महाराष्ट्रात ही मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या सर्व मुलामुलींना एक सुई द्यायची होती आणि शाळकरी मुलांना ती शाळेतच द्यायची होती. कळमनुरी तालुक्यातल्या एका प्रशालेत मी विज्ञान शिकवतो. त्यामुळे पालकांना पाठवायची सूचना लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी लिहिले, ‘सर्व विद्यार्थ्यांनी सदर दिवशी उपस्थित राहणे आवश्यक आहे. पालकांनी सहकार्य करावे.’

ठरल्या दिवशी सहावीतली एक मुलगी आली नाही. संध्याकाळी घरी गेलो, तर तिची आजी ओट्यावर कापूस निवडत बसली होती. “गुरुजी, ही सुई घेतली की पोरीला पुढं लेकरू ऱ्हात न्हाई म्हनतेत,” ती म्हणाली. मी रुबेलाविषयी जे माहीत होते ते सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले. “तुमी म्हनता ते खरं असंल,” म्हणाली आणि पुन्हा कापूस निवडू लागली. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी तिचा उल्लेख ‘अडाणी बाई’ असा केला. सगळे हसले, मीही हसलो.

यातला विरोधाभास विज्ञानाच्या शिक्षकाला चटकन दिसावा. रुबेला हा मुलांना होणारा साधा ताप. अंगावर पुरळ येते आणि तीन-चार दिवसांत जाते. पण गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत बाईला तो झाला, तर गर्भाचे डोळे, कान आणि हृदय यांना कायमची इजा होऊ शकते. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातले नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतः मोतीबिंदू असलेली बरीच बाळे आली. त्यांच्या आयांना गरोदरपणी रुबेला होऊन गेला होता, हे ग्रेग यांनी जुळवून दाखवले. या लशीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो, म्हणून ती गरोदरपणात देत नाहीत, आधीच द्यावी लागते. म्हणजे मुलीला पुढे होणाऱ्या लेकराच्या डोळ्या-कानांसाठी असलेली सुई, त्या लेकराच्याच भीतीने आजीने नाकारली होती.

हे कोडे मला सुटत नव्हते. करोनाच्या काळात शाळा बंद असताना हायडी लार्सन यांचे ‘स्टक’ हे पुस्तक हाती आले. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ते २०२० मध्ये काढले. इंग्रजीत या शब्दाचे दोन अर्थ होतात, टोचलेले आणि अडकून पडलेले. लसीविषयीच्या अफवा कशा उठतात आणि त्या का जात नाहीत, हा पुस्तकाचा विषय आहे. लार्सनबाई शिक्षणाने मानववंशशास्त्रज्ञ. युनिसेफमध्ये काम केल्यावर त्या लंडन स्कूल ऑफ हायजिन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेत गेल्या आणि २०१० मध्ये तेथे त्यांनी लसीवरच्या विश्वासाचा अभ्यास करणारा प्रकल्प उभा केला. लसीबद्दलच्या का-कूची जागतिक आरोग्य संघटनेची जी व्याख्या रूढ झाली, ती करणाऱ्या गटातही त्या होत्या.

त्यांच्या विचाराला वळण लावणारी घटना नायजेरियातली आहे. २००३ मध्ये त्या देशाच्या उत्तर भागात पोलिओची लस थांबवण्यात आली. लसीत वंध्यत्व आणणारे काही मिसळले आहे, अशी बोलवा होती. कानो राज्यात हा बहिष्कार सुमारे अकरा महिने टिकला आणि तेथून पोलिओ आफ्रिकेत व आफ्रिकेबाहेरही पसरला. बाहेरच्यांना हा निव्वळ अडाणीपणा वाटला. पण त्याच कानोत १९९६ मध्ये मेंदुज्वराची साथ असताना एका मोठ्या अमेरिकी कंपनीने नव्या औषधाची चाचणी मुलांवर घेतली होती. काही मुले दगावली आणि पालकांची संमती नीट घेतली होती का, यावर कोर्टकज्जे चालू होते. ही हकीकत समोर ठेवली की बहिष्कार बरोबर ठरत नाही, पण तो समजू लागतो. लार्सनबाईंचे म्हणणे थोडक्यात असे, की अडचण चुकीच्या माहितीपेक्षा नात्याची जास्त आहे. ज्याच्यावर विश्वास नाही त्याने खरी माहिती दिली, तरी तिचा उपयोग होत नाही. मी आजीच्या ओट्यावर दिलेले रुबेलाचे व्याख्यान वाया का गेले, याचे उत्तर मला येथे पहिल्यांदा मिळाले.

आता अफवेकडे वळू. ‘सुई घेतली की लेकरू राहत नाही’ हे वाक्य कळमनुरीत जन्मलेले नाही. गरोदर बायकांना देण्याच्या धनुर्वाताच्या लशीविषयी ते १९९० च्या दशकात मेक्सिकोत आणि फिलिपाइन्समध्ये ऐकू आले. २०१४ मध्ये केनियात कॅथलिक बिशपांनीच ते उचलून धरले. या अफवेचे बी कोठले, हे विज्ञानाच्या शिक्षकाला माहीत असायला हवे, कारण ते बी आपल्याच देशातल्या प्रयोगशाळेतले आहे.

गर्भ रुजला की वार तयार होऊ लागते आणि तिच्यातून एचसीजी नावाचे संप्रेरक बाहेर पडते. गरोदरपणाच्या घरगुती तपासणीत लघवीत हेच शोधतात. ते नसेल तर गर्भ टिकत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेचे संस्थापक संचालक डॉ. जी. पी. तलवार यांनी विचार केला, की या संप्रेरकाविरुद्ध शरीरात प्रतिपिंडे तयार करता आली तर ती एक गर्भनिरोधक लस होईल. अडचण अशी, की शरीर आपल्याच संप्रेरकाविरुद्ध प्रतिपिंडे करीत नाही. राखणीचे कुत्रे घरच्या माणसावर भुंकत नाही. त्यासाठी घरच्या माणसाला परक्याशी बांधून उभे करावे लागते. तलवारांनी तो परका म्हणून धनुर्वाताचे निर्विष केलेले विष, म्हणजे टिटॅनस टॉक्सॉइड वापरले. एचसीजीचा तुकडा त्याला जोडला आणि शरीराने दोघांविरुद्ध प्रतिपिंडे केली. १९९४ मध्ये त्यांनी १४८ स्त्रियांवरील चाचणी प्रसिद्ध केली. ११९ जणींमध्ये पुरेशी प्रतिपिंडे तयार झाली आणि तेवढे प्रमाण असताना १२२४ मासिक चक्रांत एकच गर्भधारणा झाली. प्रतिपिंडे ओसरली की गर्भधारणेची क्षमता परत येत असे. या संशोधनाला स्त्री-संघटनांनी विरोध केला आणि १९९३ मध्ये ते थांबवावे म्हणून आंतरराष्ट्रीय मोहीमही झाली.

तेव्हा धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला गर्भनिरोधक जोडता येते, ही गोष्ट खरी. गरोदर बाईला मिळणाऱ्या धनुर्वाताच्या सुईत ते जोडलेले असते, ही गोष्ट खोटी. साध्या लशीत एचसीजी नसते. केनियात तपासणीसाठी वापरलेली साधने रक्तातले आणि लघवीतले एचसीजी मोजण्यासाठी केलेली होती. लशीत ॲल्युमिनियमचे क्षार आणि टिकाऊपणासाठी घातलेले पदार्थ असतात. अशा नमुन्यावर ती साधने जो बारीक आकडा दाखवतात, त्याला अर्थ उरत नाही. मोंढ्यात हळदीची पोती तोलणाऱ्या काट्यावर सोन्याची फुली ठेवून काटा हलला की नाही ते पाहावे, तसला हा प्रकार. पण ‘काही तरी सापडले’ एवढेच लोकांपर्यंत गेले.

खरे पाहता ही सुई गरोदर बाईसाठीच्या सगळ्या सुयांत सर्वांत सोपी आणि सर्वांत गुणकारी. धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात. गंजक्या पात्याने नाळ कापली, किंवा तिच्यावर शेण-राख लावली, की ते आत जातात. बाळ पहिले दोन दिवस चांगले रडते, दूध ओढते. मग तिसऱ्या दिवसानंतर केव्हा तरी त्याचा जबडा आवळतो, ते दूध ओढेनासे होते आणि धनुष्यासारखे ताठते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे १९८८ मध्ये जगात सुमारे ७ लाख ८७ हजार नवजात बाळे अशी गेली. आईला वेळेवर सुई मिळाली, तर तिची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि बाळ ती घेऊनच जन्माला येते. बाळाला न टोचता बाळ वाचते. सुईच्या जोडीला स्वच्छ बाळंतपण आले आणि २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य झाले. निर्मूलन म्हणजे बीजाणू नाहीसे झाले असे नव्हे. ते मातीत आहेतच, म्हणून सुई चालूच ठेवावी लागते. २०१९ पासून टीटीच्या जागी घटसर्पाचाही समावेश असलेली टीडी लस देतात. आमच्याकडे बायका अजून ‘टीटी’च म्हणतात.

अफवेला दुसरेही खतपाणी आहे आणि ते परदेशातले नाही. आणीबाणीत, १९७६ मध्ये, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले. असे करणारे हे देशातले पहिले राज्य. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा झाला नाही. पण सक्तीसाठी कायद्याची वाट कोणी पाहिली नव्हती. देशात कितीतरी ठिकाणी शिक्षकांना ‘केसेस’ आणण्याचे उद्दिष्ट दिले होते आणि त्यावर पगार अडवले जात, हे शहा आयोगाच्या कामातून पुढे आले. ‘केस आणणे’ हा शब्दप्रयोग आमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या तोंडी मी नोकरीला लागलो तेव्हाही होता. गुरुजी गावात येऊन शरीराविषयी काही सांगू लागले, की म्हाताऱ्या माणसांना काय आठवत असेल, याचा विचार मी २०१८ मध्ये केला नव्हता.

इथपर्यंत लार्सनबाईंचे बोट धरून चालता येते. पुढे मात्र त्यांच्या कामाशी माझे पटत नाही.

पहिली गोष्ट त्यांच्या मोजमापाची. २०१६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ६७ देशांतल्या सुमारे ६६ हजार लोकांना विचारून लसीवरचा विश्वास मोजला. त्यासाठी चार विधाने होती. लसी महत्त्वाच्या आहेत, सुरक्षित आहेत, परिणामकारक आहेत आणि माझ्या धर्मश्रद्धेशी जुळतात. फ्रान्समध्ये ४१ टक्के लोकांनी सुरक्षिततेचे विधान नाकारले, ही त्यातली गाजलेली बाब. जगाचा नकाशा रंगवायला ही पद्धत ठीक आहे. पण गरोदर बाईपुढे ‘लसी’ असा सर्वसाधारण प्रश्न नसतो. तिच्यापुढे ही सुई असते, या महिन्यात, पोटात हे बाळ असताना. आजीला मी ती चार विधाने विचारली असती, तर चारही वेळा तिने मान डोलावली असती. तिने आपल्या सगळ्या मुलांना डोस पाजले होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गरोदरपणातील लसीकरणाविषयी जगभरचे अभ्यास एकत्र करून रोझ विल्सन, लार्सन आणि इतर दोघींनी २०१५ मध्ये ‘व्हॅक्सिन’ या नियतकालिकात एक आढावा प्रसिद्ध केला. बाळाला इजा होईल ही भीती, आपल्याला धोका नाही हा समज आणि डॉक्टर किंवा परिचारिकेने शिफारस केली की नाही, ही कारणे त्यात ठळक दिसतात. शेवटचे कारण फार मोलाचे आहे. आपल्याला तपासणारी व्यक्ती ‘घे’ म्हणाली की बहुतेक बायका घेतात. पण ज्या अभ्यासांतून हे काढले, ते प्रामुख्याने श्रीमंत देशांतले आणि इन्फ्लुएंझाच्या लशीचे. तेथे बाई डॉक्टरसमोर एकटी बसते आणि स्वतः हो किंवा नाही म्हणते, असे गृहीत आहे.

आमच्याकडे असे चित्र क्वचित दिसते. सेनगाव किंवा औंढा तालुक्यातली एखादी सून घ्या. दिवस गेल्याचे ती नवऱ्याला सांगते, नवरा आईला. नाव नोंदवायला सासू नेते किंवा आशाताई येऊन नेते. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणजे सातव्या महिन्यानंतर कार्ड एका गावचे आणि बाई दुसऱ्या गावची. ऊसतोडीला जाणारे घर असेल, तर दिवाळीनंतर ती कारखान्याच्या तळावर. तेथे तिची नोंद कोणाच्या वहीत? टीडीचे दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने घ्यायचे असतात. पहिला येथे झाला, दुसऱ्याच्या वेळी ती दोनशे किलोमीटरवर फडात असते. कागदावर ती ‘दुसरा डोस न घेतलेली’ ठरते. व्याख्या म्हणते, सोय उपलब्ध असूनही लस घेण्यास विलंब किंवा नकार म्हणजे का-कू. त्या व्याख्येत गैरसोय हेही कारण मांडले आहे, हे मान्य. पण शब्द का-कूचा वापरला, की दोष बाईच्या मनात आहे असे आपोआप ठरते. बैठकीत कोणी विचारत नाही की उपकेंद्राची सिस्टर दोन गावांचा भार एकटी ओढते का.

आणि का-कू फक्त बायकांनी केली काय? थॅलिडोमाइड हे औषध पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये बाजारात आले, १९६१ च्या अखेरीस मागे घेतले गेले. तोवर जगात दहा हजारांहून अधिक बाळे अपंग जन्मली होती. त्यानंतर औषधांच्या चाचण्यांतून गरोदर स्त्रियांना दूर ठेवण्याची रीत पडली. हेतू चांगला, पण त्यामुळे नवी लस आली की गरोदर बाईविषयीची माहिती सर्वांत शेवटी हाती येते. आपल्याकडे करोनाची लस १६ जानेवारी २०२१ पासून सुरू झाली, तेव्हा गरोदर स्त्रिया आणि अंगावर पाजणाऱ्या आया वगळलेल्या होत्या. मे महिन्यात पाजणाऱ्या आयांना परवानगी मिळाली आणि २ जुलैला गरोदर स्त्रियांना. मधल्या महिन्यांत दुसरी लाट येऊन गेली. जानेवारीत ‘तुम्ही घेऊ नका’ आणि जुलैत ‘तुम्ही जरूर घ्या’. दोन्ही वेळी सांगणारी तीच आशाताई. जुलैत एखादी बाई ‘थांबून बघू’ म्हणाली असेल, तर ती शास्त्रज्ञांनी सहा महिने केले तेच करीत होती. पुरावा वाढला म्हणून सल्ला बदलला, ही विज्ञानाची रीत आपण वर्गात शिकवतो, पण गावात ती कोणी समजावून सांगितली? मीही नाही. शाळा बंद होती, ही सबब आहे.

लार्सनबाईंना एवढे श्रेय द्यायलाच हवे, की लोकांच्या शंकेला त्या रोग मानत नाहीत. माझी तक्रार अशी, की त्यांच्या अभ्यासात शेवटी मोजले जाते ते लोकांचे मन. विश्वास मागणाऱ्याचे वागणे त्याच काटेकोरपणे कोणी मोजत नाही. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच विचारले होते. दिल्लीतल्या शाळांत पालकांच्या संमतीविना गोवर-रुबेलाची लस देण्याचे ठरले होते. न्यायालयाने ते रोखले. काही आरोग्य कार्यकर्त्यांना हा लसीला खीळ घालणारा निकाल वाटला. मला माझी नोव्हेंबरातली सूचना आठवली. तिच्यात लस कशाची, कोणासाठी, काय होऊ शकते, कोणाला विचारावे, यातले एक अक्षर नव्हते.

मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची सुई असते. २०२२ मध्ये ती आमच्या दहावीच्या वर्गाला मिळायची होती आणि त्या वर्गात तीच मुलगी होती. यावेळी सूचना मुलांनीच लिहिली. त्यात धनुर्वात कसा होतो हे आले आणि दंड दोन दिवस दुखेल हेही आले. वंध्यत्वाची बोलवा खोटी का, याच्यावर चार ओळी घातल्या. खाली लिहिले, की ज्यांना काही विचारायचे आहे त्यांनी सकाळी दहा वाजता शाळेत यावे. तीन पालक आले. आजी त्यांतली एक.

तिने विचारले, “ह्यात पाळी बंद करायचं काई न्हाई ना?” मी नाही म्हटले आणि का नाही ते सांगितले. मग ती बराच वेळ गप्प बसली. नंतर म्हणाली, की आणीबाणीच्या साली तिच्या थोरल्या दिराला बाजारातून जीपमध्ये घालून नेले होते. लग्नाला दोन वर्षे झाली होती, मूलबाळ नव्हते. “त्या गाडीत साळंचे मास्तर बी व्हते,” ती म्हणाली. मला नवल वाटले ते याचे, की चार वर्षांपूर्वी ओट्यावर हे ती मला बोलली नव्हती. मी तेव्हा विचारलेही नव्हते.

तिने सिस्टरकडे बाटली मागितली. सिस्टरपुढे चाळीस मुले रांगेत उभी होती, तरी त्यांनी ती तिच्या हातात दिली. बाटलीवरची अक्षरे इंग्रजी होती. नातीने ती एकेक लावून वाचली, अर्थ सांगितला, तारीखही वाचून दाखवली. आजीने बाटली उजेडात धरून पाहिली, परत दिली आणि मुलीला म्हणाली, “बाही वर कर.”